पंचवीसातली एक

सकाळी सव्वासातला टॉडचा निरोप आला. पाहुणे दोन वाजता येतायत, एक चांगली चकती काढून ठेव. एवढंच. मी गाडी लावली होती, पण पट्टा अजून सोडला नव्हता. समोर कंपनीची बिनखिडक्यांची लांबलचक भिंत, तिच्यामागे धुक्यात हेझलनटच्या बागा, आणि हातात हा फोन. चांगली चकती काढून ठेव. बारा वर्षांपूर्वी दुसऱ्या एका साहेबानं मला अगदी याच शब्दांत सांगितलं होतं, आणि तेव्हा मी शीळ घालत कामाला लागलो होतो. आज मात्र पायरी आहे समजून पाय टाकावा आणि खाली काहीच नसावं, तसं झालं. मी पट्टा सोडला, मग उगीचच परत लावला, आणि धुकं बघत बसून राहिलो. दारातून रात्रपाळीची माणसं बाहेर पडत होती. हल्ली ती पूर्वीसारखी दारात घोळक्यानं उभी राहत नाहीत, सरळ आपापल्या गाडीकडे जातात. दोन वर्षांत तीनदा माणसं कमी केल्यावर घोळका करायला लागतात तेवढी माणसंच उरत नाहीत.

तसं पाहिलं तर टॉडनं काही वावगं मागितलं नव्हतं. आमच्या धंद्यातली ही जुनी रीत आहे. सिलिकॉनच्या चकत्यांवर आम्ही चिपा छापतो. एका डब्यात पंचवीस चकत्या, एका चकतीवर काही शे चिपा, त्यातल्या काही चालतात, काही मेलेल्याच जन्माला येतात. डब्यातल्या पहिल्या आणि शेवटच्या खणातल्या चकत्या नेहमी रडक्या निघतात, मधल्या बऱ्या असतात, आणि एखादी, बहुतेक वेळा बाराव्या-तेराव्या खणातली, अशी काही उतरते की बघत राहावं. तिला आम्ही हिरो म्हणतो. कुणी मोठा माणूस आला की हिरो बाहेर काढायची. यात फसवणूक नाही, कारण बघणाऱ्यालाही ठाऊक असतं की ही हिरो आहे. तो वाहवा करतो आणि मनातल्या मनात तिसरा हिस्सा वजा करतो. शंभरात ऐंशी चालतात म्हटलं की पन्नास-पंचावन्न समजायचं. एकतीस वर्षं मी या कॅल्डर कंपनीत छपाईच्या विभागात आहे, आणि आम्ही सगळे असेच बोलत आलो, असेच ऐकत आलो. सुगरणीनं पाहुण्याच्या पानात काठाची जळकी पोळी वाढू नये, इतकी ती साधी गोष्ट होती.

आत जाण्याआधी कपडे चढवायच्या खोलीत मार्लिस भेटली. या खोलीत आम्ही बाकावर बसून पांढरा पोशाख चढवतो, आधी टोपी, मग अंगातला झगा, मग बूट, शेवटी हातमोजे, आणि मधल्या बाकाच्या पलीकडे बूट घातल्याखेरीज पाय टाकायचा नाही. सगळं नीट करायला सात मिनिटं लागतात. मार्लिस पलीकडच्या विभागात तंत्रज्ञ आहे, माझ्याआधी दोन वर्षं लागली. तीस वर्षं आम्ही एकमेकांचे फक्त डोळेच बघत आलो, कारण आत बाकी काही दिसतच नाही. तिच्या भुवईवरून मला कळतं की यंत्र बिघडलंय की नवरा.

"सही करू की नको, लाइल?" टोपीत केस कोंबत ती म्हणाली. "आज पाच वाजता फोनवरचं सहीचं पान बंद होणार आहे."

तिच्या हातातला कागद मी ओळखला, तो सगळ्यांना आला होता. आपण होऊन नोकरी सोडा, पुढची दीड वर्षं घरच्यांचा औषधपाण्याचा विमा कंपनी भरेल. न सोडता राहिलात आणि पुढे कारखानाच बंद झाला, तर त्या महिनाअखेरीला विमाही बंद. मार्लिसच्या नवऱ्याची, ड्वेनची, फुप्फुसं हळूहळू दगड होत चालली आहेत. तो बासष्ट वर्षांचा. पासष्टाव्या वर्षी सरकारी विमा मिळतो. म्हणजे तीन वर्षं कशी तरी काढायची, आणि कंपनी देते आहे दीड.

"टॉडला विचारलंस?" मी म्हटलं.

"विचारलं तर. म्हणतो, मार्लिस, हा तुझा वैयक्तिक प्रवास आहे. मी म्हटलं, बाबा रे, मला प्रवास नको, विमा हवाय. ड्वेनची दिवसाची गोळी म्हणजे माझ्या एका पाळीचा पगार आहे." ती हसली. मग तिनं कागदाची घडी घातली आणि खिशात ठेवली. "दुपारी ते पाहुणे येतायत ना, त्यांचं काम आपल्याला मिळणार म्हणतात. मिळालं तर पाच वर्षं इथं मरण नाही, मग मी कशाला जाऊ. नाही मिळालं तर हातचं सोडून पळत्यामागे लागल्यासारखं होईल. तू त्यांच्याबरोबर असशील. बघ आणि मला सांग. साडेचारला माझी सुट्टी आहे, मी बाहेर येईन. फोन आत नेता येत नाही, पण सही करायला दोन मिनिटं पुरतात."

"मी काय सांगणार?"

"जे दिसेल ते. तुला कळेल. तुला नाही कळणार तर कुणाला?" आणि हातमोजे चढवून ती आत गेली.

छपाईच्या दालनात पिवळा उजेड असतो. साधा उजेड पडला तर चकतीवरचा लेप खराब होतो, म्हणून. त्या पिवळ्या उजेडात माणसं कावीळ झाल्यासारखी दिसतात, पण मला तिथं बरं वाटतं, किंवा वाटत असे. मी डबा मोजणीच्या यंत्रावर लावला आणि पडद्यावर एकेका चकतीचे आकडे उमटायला लागले. एकोणतीस. तेहतीस. एकतीस. छत्तीस. नवी बनावट आहे, तिच्यावर अडीच वर्षं आम्ही डोकं फोडतोय. तेराव्या चकतीला एकाहत्तर आले. बाकी सगळा डबा मिळून सरासरी चौतीस. म्हणजे हिरोमधून तिसरा हिस्सा वजा करूनही भागत नव्हतं, पाहुण्यानं निम्म्याहून जास्त वजा करायला हवं होतं, आणि ते त्याला कोण सांगणार? मी तेराव्या खणाकडे बघत बसलो. चकती फार देखणी होती. इंद्रधनुष्याचे सगळे रंग तिच्यावर हलत होते, आणि त्याला जबाबदार मीच होतो. वाईट कामाचीसुद्धा सवय झाली की त्यातलं देखणेपण दिसतंच.

बारा वर्षांपूर्वीची ती मात्र खरोखर देखणी होती. तेव्हा हॉलंडहून एक नवं छपाईचं यंत्र यायचं होतं. बसगाडीएवढं, तीन विमानांतून येणारं, आणि किंमत अशी की ऐकून माणसानं आधी खाली बसावं. जगात ते एकच कंपनी करते, आणि त्या वर्षी पैसे भरून रांगेत नंबर लावला नाही तर पुढे सात-आठ वर्षं नंबर येणार नव्हता. आम्ही त्याच्यासाठी दालनही बांधून ठेवलं होतं, जाड फरशीचं, उंच छताचं, वर सामान उचलायची यारी. दरम्यान मी आणि माझी चार माणसं जुन्या यंत्राशी झटत होतो. बारीक रेघ त्याला एका दमात छापता येत नव्हती, म्हणून आम्ही तीच नक्षी चार वेळा छापत होतो, दर वेळी केसाच्या हजाराव्या भागाइतकी सरकवून. चारही वेळा रेघ रेघेशेजारी बसली पाहिजे. चौदा महिने मी घरी जेवलेलो आठवत नाही. आणि एका मंगळवारी एका डब्यातली एक चकती त्र्याऐंशीला उतरली. बाकीच्या पंचावन्नच्या आसपास. मी त्या पिवळ्या उजेडात एकटाच हसलो होतो. जोआन, माझी तेव्हाची बायको, तिला रात्री फोन करून सांगितलं, त्र्याऐंशी. ती चिपांच्या कारखान्यातल्या माणसाची बायको, तिला रीत माहीत होती. ती म्हणाली, "छान. आणि बाकीच्या चोवीस?"

पुढच्या आठवड्यात बैठक झाली. पैशाचा कारभार बघायला व्हिटलॉक नावाचे गृहस्थ नुकतेच आले होते. त्याआधी ते न्याहारीचे पोहे बनवणाऱ्या कुठल्याशा कंपनीत होते, आणि तिथं म्हणे त्यांनी फार नाव काढलं होतं. मला वरून निरोप आला, चांगली चकती काढून ठेव. मी काढली. व्हिटलॉकनी ती दोन्ही हातांनी धरली, आपला चेहरा तिच्यात दिसतो का ते बघितलं, आणि विचारलं, "हे जुन्या यंत्रावर झालंय?" मी म्हटलं, हो. "त्र्याऐंशी?" मी म्हटलं, हिला त्र्याऐंशी. हिला. तो एक शब्द मी म्हणालो होतो, आणि बारा वर्षं मी त्या शब्दाला धरून बसलो आहे. "मग नवं यंत्र आपल्याला नक्की कशासाठी हवंय?" त्यांनी विचारलं. चिडून नाही, गोड आवाजात, खरंच कळून घ्यायचं असल्यासारखं. टेबलाभोवती नऊ माणसं होती. आठांना रीत ठाऊक होती. आठही जण टेबलाकडे बघत राहिले. मला वाटलं, हे वजा करतील. कोण वजा करत नाही? मग वाटलं, आपण सांगावं की साहेब, ही पंचवीसातली एक आहे, जुन्या यंत्राचा जीव संपलाय, पुढची बनावट याच्यावर होणार नाही. वाक्य तयार होतं. पण तेवढ्यात ते माझ्याकडे वळून म्हणाले, "तुम्ही कंपनीचा केवढा पैसा वाचवलात, तुम्हाला कल्पना नाही." आणि खरं सांगायचं तर मला ते आवडलं. एवढंच झालं. भीती नव्हती, दबाव नव्हता, कुणी माझा हात पिरगळला नव्हता. मला आवडलं म्हणून मी गप्प बसलो. त्यांचा सुंठेवाचून खोकला गेला, आणि माझं हात दाखवून अवलक्षण झालं.

यंत्राचा नंबर लावला नाही. सहा आठवड्यांनी जाहीर झालं की कंपनी बाजारातून आपलेच शेअर्स परत विकत घेणार. पोळी तीच, फक्त खाणारे कमी, म्हणून उरलेल्यांचा तुकडा मोठा दिसतो. भाव वर गेला. त्या दिवशी उपाहारगृहात केक आला होता, त्याच्यावर निळ्या साखरेनं भावाचा आकडा लिहिलेला, आणि आम्ही सगळे इंजिनियर लोक, एवढे शिकलेले, हातात कागदी बशा घेऊन रांगेत उभे. मार्लिसनं शेवटचा आकडा मागून घेतला, तो जाडसर होता म्हणून. पुढच्या वर्षी पुन्हा केक. त्याच्या पुढच्या वर्षी पुन्हा. सात वर्षांत जेवढं त्यात घातलं तेवढ्यात तसल्या यंत्रांची अख्खी ओळ उभी राहिली असती. पण व्हिटलॉकला शिव्या द्यायला माझी जीभ उचलत नाही, कारण माझ्याकडेही शेअर्स होते आणि माझ्या स्वयंपाकघराचा काळा दगडी ओटा त्यांतूनच आला. मुलगीही त्यांतूनच शिकली. व्हिटलॉक आता कुठे तरी द्राक्षं लावून बसलेत. तैवानच्या आणि कोरियाच्या लोकांनी ते यंत्र घेतलं, वापरता वापरता शिकले, आणि आम्ही जुन्या यंत्रावर चाराच्या जागी सहा वेळा, आठ वेळा छापत राहिलो. त्या उंच दालनात आता टेबल टेनिसचं टेबल आहे, मोडक्या खुर्च्या आहेत, आणि नाताळचं प्लॅस्टिकचं झाड बारा महिने उभं असतं.

माझे वडील डोंगरापलीकडच्या गावात लाकडाच्या गिरणीत करवतीवर होते. गिरणी बंद पडली तेव्हा मी पंधरा वर्षांचा होतो. मालकांनी नवं पातं कधी घेतलंच नाही, जुन्यालाच धार लावत राहिले, आणि जंगल मात्र भराभर तोडून विकलं. वडील म्हणत, पातं बोलतं, मालकाला ऐकू येत नाही. मी म्हणायचो, मग तुम्ही का नाही सांगितलं? ते म्हणायचे, मला कुणी विचारलं नाही. शेवटी ते गावच्या रुग्णालयात होते, नळ्या लावलेले, तेव्हा मला म्हणाले, तुझ्या कंपनीचं कसं चाललंय? मी म्हटलं, उत्तम चाललंय, जगात पहिली आहे. तेव्हा कंपनी तिसरी होती. त्यांचा चेहरा खुलला. नर्स म्हणाली, आज बरे दिसतायत. तो खुललेला चेहरा मी बरोबर घेऊन आलो आणि वाटलं की आपण चांगलं केलं. पुढे जोआन मला सोडून गेली तेव्हा दारात म्हणाली, "तू मला नेहमी एकच दाखवत आलास. बाकीच्या चोवीस तू कुठे ठेवतोस, लाइल? घरात तर नाहीत." मी काही तरी विनोद केला. मुलीचा दर रविवारी फोन येतो, कसं चाललंय, बाबा? आणि मी अख्ख्या आठवड्यातून शोधून एक चांगली गोष्ट काढतो, शेजारच्या कुत्रीला पिल्लं झाली वगैरे. ती ऐकते. ती वजा करते की नाही, मला ठाऊक नाही.

तर त्या पिवळ्या उजेडात मी ठरवलं की आज नाही. आज सगळा डबा दाखवायचा. पंचवीसच्या पंचवीस, आकड्यांच्या कागदासकट. काम जायचं असेल तर जाऊ दे, आणि मार्लिसला साडेचारला सांगायचं, सही कर. यात तिचंही भलं होतं, दीड वर्ष तरी हातात पडत होतं. एकदा ठरवल्यावर अंगात कधी नव्हे ते बळ आलं. दुपारी उपाहारगृहात मी वाटाण्याचं सूप दोनदा घेतलं. टॉड येऊन म्हणाला, "काढलीस ना?" मी म्हटलं, काढली. "भारी माणूस आहेस," म्हणून त्यानं माझ्या खांद्यावर थोपटलं. तो चाळीसचा आहे, वर्षभरापूर्वी आलाय, अजून खांद्यावर थोपटतो.

पाहुणे सहा जण होते. त्यांच्या प्रमुख हॅल्वर्डबाई, पन्नाशीच्या, साध्या, पायात चांगले चालायचे बूट. टॉडनं त्यांना काचेबाहेरून दालनं दाखवली, मग मला म्हणाला की तू बाईंना चकती दाखव, मी बाकीच्यांना फिरवून आणतो. छोट्या बैठकीच्या खोलीत मी आणि त्या दोघंच उरलो. मी टेबलावर डबा ठेवला, त्यातून तेरावी काढून त्यांच्या हातात दिली. त्यांनी ती उजेडात धरली. रंग त्यांच्या हनुवटीवर पडले. "अहो, किती सुंदर आहे ही," त्या म्हणाल्या. "इतकं सुंदर काही मी आयुष्यात हातात धरलेलं नाही." त्या खोटं बोलत नव्हत्या.

मी म्हटलं, "ही पंचवीसातली एक आहे. हिला एकाहत्तर आलेत. डब्याची सरासरी चौतीस आहे. हा कागद. आणि येत्या वर्षात ती फार तर चाळीस होईल, याहून जास्त कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. आमच्याकडे जे यंत्र हवं होतं ते आम्ही घेतलं नाही. त्याला काही अंशी मी कारण आहे." शेवटचं वाक्य मी म्हणणार नव्हतो, पण बारा वर्षं दाबून धरलेली गोष्ट एकदा तोंडाशी आली की आपल्याला विचारत नाही. मी बाईंच्या चेहऱ्याकडे बघत होतो की आता काय होतं.

काही झालं नाही. त्यांनी कागद घेतला, न वाचता शेजारी ठेवला, आणि चकती दोन्ही हातांनी जपून खणात परत सरकवली. "तुम्ही प्रामाणिक आहात," त्या म्हणाल्या. मग जरा घुटमळल्या. "तुम्हाला टॉडनी सांगितलं नाही का?"

"काय?"

"आम्ही चिपांसाठी नाही आलो, मिस्टर टॉरगर्सन. आम्हाला इमारत हवी आहे. आमची संगणकांची गोदामं असतात, त्यांना वीज लागते आणि थंड करायला पाणी लागतं. तुमच्याकडे दोन्हीची जोडणी आधीपासून आहे, ती नव्यानं मिळवायची तर पाच-सहा वर्षं जातात. ते उंच छताचं दालन आहे ना, खुर्च्या ठेवलेलं, ते तर आम्हाला फारच आवडलं." त्यांनी माझ्याकडे नीट बघितलं आणि त्यांना वाईट वाटलं असावं. "करार झालाय. सोमवारी बाजार उघडायच्या आधी जाहीर होईल, तोवर कृपा करून कुठे बोलू नका. विक्रीचे पैसे आले की तुमची कंपनी पुन्हा शेअर्स परत घेणार आहे, असं ऐकते. म्हणजे तुमच्याकडे शेअर्स असतील तर..." मग, बोलायला काही तरी हवं म्हणून असेल, त्यांनी विचारलं, "नदीचं पाणी उन्हाळ्यात कमी होतं का हो?" मी म्हटलं, ऑगस्टमध्ये थोडं होतं. ते त्यांनी लिहून घेतलं. एवढ्या वेळात मी सांगितलेल्यापैकी तेवढंच त्यांनी लिहून घेतलं.

"इथं मग माणसं किती लागतील?" मी विचारलं.

"चाळीस. पहारेकरी धरून."

आज इथं अठ्ठावीसशे आहेत. पाहुणे गेल्यावर मी डबा घेऊन तिथंच बसलो. मला राग यायला हवा होता. त्याऐवजी एक विचित्र लाज वाटत होती, आपण नटूनथटून गेलो आणि लग्न काल होऊन गेलं होतं, तशी. माझं खरं कुणालाच नको होतं. बारा वर्षांपूर्वी त्याला किंमत होती, तेव्हा ते मी दिलं नाही. आज फुकट देत होतो तरी घेणारा नव्हता. सव्वाचार झाले. मी स्वतःला सांगितलं, अजून एक माणूस आहे जिला ते हवंय. साडेचारला ती बाहेर येईल, तिला एकच शब्द सांगायचा, सही कर. बाईंनी बोलू नका म्हटलं होतं, पण ते माझ्यावर बंधनकारक नव्हतं, आणि असतं तरी एकतीस वर्षांनी मला काय काढून टाकणार होते?

उपाहारगृहात खिडकीजवळच्या टेबलाशी मार्लिस आली. टोपीचा वळ कपाळावर तसाच होता. तिनं समोर बसून फोन काढला, कंपनीचं ते पान उघडून टेबलावर ठेवलं, आणि खिशातून हेझलनटची पुडी काढून माझ्यापुढे केली. "ड्वेननं भाजलेत. श्वास लागतो तरी ऐकत नाही, खुर्ची घेऊन शेगडीपाशी बसतो. बोल. कसं झालं?"

तिचे डोळे मला नीट ओळखीचे आहेत. तीस वर्षं तेवढेच बघितलेत. आता मात्र खाली तोंडही होतं, आणि ते तोंड अगदी किंचित उघडं होतं. माझ्या घशात सगळं तयार होतं. करार झाला, चाळीस माणसं, सोमवारी. पण ते म्हटल्यावर ती विचारणार, कसं काय? आणि मग ते दालन रिकामं का आहे, यंत्र का आलं नाही, बैठकीत कोण होतं, सगळं एकामागून एक ओढत बाहेर आलं असतं. बाईंना ते सांगणं सोपं होतं, त्या परक्या होत्या. मार्लिसच्या समोर मी तीस वर्षं हुशार माणूस होतो. मी एक दाणा तोंडात टाकला. आणि मग माझ्या कानांनी माझाच आवाज ऐकला.

"बाईंनी चकती हातात घेतली," मी म्हणालो. "म्हणाल्या, इतकं सुंदर काही मी आयुष्यात हातात धरलेलं नाही."

हे खरं होतं. एक अक्षर खोटं नव्हतं.

"खरंच असं म्हणाल्या?"

"अगदी असंच. आणि इमारत फार आवडली म्हणाल्या. पाण्याचीसुद्धा चौकशी केली."

मी थांबलो. मी तिच्याकडे बघत होतो आणि मनात म्हणत होतो, वजा कर. तेहतीस वर्षं या धंद्यात आहेस, मला ओळखतेस, हिरो कशी काढतात तुला ठाऊक आहे, वजा कर ना, मार्लिस. विचार मला बाकीच्या चोवीस कुठे आहेत. तू विचारलंस तर मी सांगेन. पण तिचं तोंड मिटलं, मग हळूहळू रुंदावलं, आणि तिनं हात पुढे करून माझ्या मनगटावर ठेवला. "तुझ्या तोंडून ऐकायचं होतं," ती म्हणाली. "टॉडनं सांगितलं असतं तर मी निम्मं सोडून दिलं असतं." तिनं फोनवरचं पान मिटवलं, दाण्यांची पुडी माझ्यापुढे ठेवली आणि आत गेली, कारण सुट्टी दहाच मिनिटांची असते.

चार बेचाळीस. मी हिशेब केला. कपडे चढवायला सात मिनिटं, तिच्या विभागापर्यंत चालत तीन, तिला बाहेर आणायला आणखी पाच. वेळ होता. मी उठलो आणि जवळजवळ धावतच कपड्यांच्या खोलीत आलो. टोपी घातली. झगा घातला. बाकावर बसून एक बूट चढवला. दुसरा हातात घेतला. आता आत जाऊन काय म्हणायचं, हे ठरवू लागलो. मघाशी म्हटलं ते खरं होतं, पण अपुरं होतं, असं म्हणावं? की बाईंचा आत्ताच फोन आला, असं म्हणावं? दुसरं बरं वाटलं. मग तिला काय वाटेल, असा विचार आला. मग वाटलं, कोण जाणे, सोमवारी काय होतं, करार मोडतातही. मग वाटलं, दीड वर्षानंतरची दीड वर्षं तशीही तिनं कुठून काढली असती? माणसाला स्वतःची समजूत घालायची असली की बुद्धी कशी भराभर चालते. भिंतीवरचं घड्याळ चार एक्कावन्न दाखवत होतं, मग चार सत्तावन्न. संध्याकाळच्या पाळीची माणसं येऊन माझ्या दोन्ही बाजूंना बसून कपडे करून आत गेली. कुणी काही विचारलं नाही. त्यांना वाटलं असणार, म्हातारा दमलाय.

पाच वाजून दहा मिनिटांनी मार्लिस आतून आली. बाकाच्या पलीकडून तिनं माझ्याकडे बघितलं, एका पायात बूट, दुसरा मांडीवर.

"आत चाललायस?"

"नाही," मी म्हटलं. "आत्ताच आलो बाहेर."

"मग काढ की तो." ती बाकावर माझ्याशेजारी येऊन बसली, टोपी ओढून काढली, आणि डोकं मागे टेकून डोळे मिटले. कितीतरी दिवसांनी तिचा चेहरा असा सैल दिसत होता. "मी आतल्या फोनवरून ड्वेनला कळवलं," ती म्हणाली. "म्हटलं, लाइलनं स्वतः बघितलंय, आता तीन वर्षं काळजी नाही. रडला रे तो. इतका रडला की खोकला लागला." मग डोळे न उघडताच म्हणाली, "तो म्हणतोय, आज ट्राउट तळतो, लाइलला घेऊन ये. येतोस ना?"

मी वाकून बूट काढला.

"येतो," मी म्हणालो.